खांबास टेकल्या गाडीची हकीकत

मंगळवारी सकाळी दहा वाजून चार मिनिटांपासून दहा वाजून सव्वीस मिनिटांपर्यंत इमारतीच्या फाटकाच्या डाव्या खांबापाशी जो प्रसंग गुदरला, त्याविषयी जिन्यावर एक, कोपऱ्यावर दुसरे आणि लोकांच्या फोनमध्ये तिसरेच वर्तमान फिरू लागले, आणि कोणी म्हणे गाडी पडली, कोणी म्हणे घड्याळजी पडले, आणि एकाने तर खांबच पडला ऐसे छातीठोक सांगितले, तेव्हां खोटे ते पुढे खरे होऊन बसू नये, याकरिता दोन्ही पक्षांचे जाबसाल घेऊन आणि खांब जातीने पाहून ही हकीकत कलमबंद केली आहे. यात पदरचे काही नाही. चार शब्द जड आले असतील, तर गाडीच जड होती, त्यास इलाज नाही.

तर राजमान्य राजश्री घड्याळजी, वय बेचाळीस, उंची पाच फूट एक इंच, बूट घातले तर दीड. यांची अवघी उमर खुर्चीवर वाकून, डाव्या डोळ्यात भिंग खोवून, मोहरीहून लहान स्क्रू चिमट्याने उचलण्यात गेली. हयातीत उचललेली सर्वांत भारी वस्तू म्हणजे एक लंबकाचे घड्याळ, तेही दोघांनी मिळून. ऐसे असता गतसाली यांचे चित्तात कोण जाणे काय आले, आणि यांनी एक जुनी मोटारसायकल घरी आणली, जिचे वजन एकशे एक्याण्णव किलो, पेट्रोल निराळे. तिजवर आरूढ जाहले म्हणजे दोन्ही पायांचे अंगठे तेवढे जमिनीस लागत, आणि टाचांचा व जमिनीचा काही संबंध राहत नसे.

पण घरापासून दुकानापर्यंत अकरा मिनिटांची वाट होती, आणि त्या अकरा मिनिटांत घड्याळजी निराळेच होत. दुकानात ज्यांनी वरून खाली बघत 'ओ, हे जरा बघून ठेवा' म्हणावे, तेच लोक सिग्नलला काच खाली करून 'साहेब, मस्त आहे हो गाडी' ऐसे अदबीने बोलत. मग दुकानी पोहोचून घड्याळजी हेल्मेट काढीत, केस बसवीत आणि पुन्हा लहान होत. ही अकरा मिनिटे जाऊन येऊन बावीस होत, आणि त्यांवर यांचा दिवस चाले.

यांचे कुटुंब बाईसाहेब या छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम पाहत. कानावर लाल पेन सदैव तैनात. आलेले पत्रसुद्धा आधी दुरुस्त करून मग वाचीत, आणि ऱ्हस्वदीर्घाच्या मामल्यात सख्ख्या माणसासही अभय नव्हते. गाडीविषयी बाईसाहेबांनी प्रथम मौन धरले. मग गाडी एकदा सिग्नलवर उभ्या उभ्या पडली, ते ऐकूनही मौनच धरले. मग दुसऱ्या वेळी फाटकातच पडली, आणि त्या वेळी बाईसाहेब मागे बसल्या होत्या व मांडीवर एका जाड पुस्तकाची तीनशे मुद्रिते होती. ती चहूंदिशांस उधळली, आणि पाच माणसांनी हातची कामे टाकून गाडी उचलली, आणि पाने गोळा केली, परंतु एकशे बारावे पान हाती आले नाही ते नाहीच. नजरचुकीने पुस्तक त्या पानाविनाच छापले गेले, आणि एकाही वाचकाने तक्रार केली नाही. या गोष्टीचे दुःख बाईसाहेबांस फुटलेल्या गुडघ्याहून अधिक जाहले.

त्याच संध्याकाळी तहनामा लिहिला गेला आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवला गेला. कलमे दोन. कलम पहिले: गाडी पुन्हा पडली तर विकायची. कलम दुसरे: गाडी सावरायला किंवा उचलायला परका हात लागला तर पडली असेच समजायचे. खाली घड्याळजींनी सही केली, तीही घड्याळाच्या तबकडीवर मावेल इतकीच. गिऱ्हाईक शोधावे लागणार नव्हते. ते घरचेच होते.

ते गिऱ्हाईक म्हणजे बाईसाहेबांचे धाकटे बंधू, व्यायामशाळेत लोकांस वजने उचलायला शिकवणारे, उंची सहा फूट दोन इंच, ज्यांस सारे नातलग शिडीराव म्हणत. शिडीराव दर मंगळवारी सकाळी 'सहज' म्हणून येत आणि गाडीभोवती एक फेरी मारीत आणि टाकीवर हात फिरवीत आणि विचारीत, "काय दाजी, पडली का?" घड्याळजी नाही म्हणत. मग शिडीराव चहा न घेता परत जात.

तर त्या मंगळवारी बाईसाहेब मुद्रिते पोहोचवण्यास छापखान्याकडे गेल्या होत्या आणि साडेदहाच्या आत परतणार होत्या. घड्याळजी दहा वाजता खाली उतरले, गाडीस किल्ली दिली आणि आवारातून फाटकाकडे कूच केले. वेग इतका राखला होता की काटा शून्यावरून उठला नाही, आणि एक मांजर शेजारून चालत पुढे निघून गेले. पुढे जाऊन ते मांजर ऐन फाटकात बसले आणि पाय चाटू लागले. तेव्हां घड्याळजींनी हँडल वळवलेले असता पुढचा ब्रेक दाबला, जो तसा दाबू नये म्हणून गाडी शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगतो.

गाडी थांबली. घड्याळजींनी रिवाजाप्रमाणे डावा पाय खाली सोडला. परंतु त्या जागी गटाराचे झाकण दोन इंच खचलेले होते, आणि अंगठा जमीन जिथे असते तिथे गेला, आणि तिथे जमीन नव्हती. मग तो आणखी खाली गेला, आणि त्याच्या मागोमाग घड्याळजी गेले, आणि त्यांच्या मागोमाग एकशे एक्याण्णव किलो निघाले.

आणि दैवयोगाने मध्ये खांब आला.

घड्याळजींचा डावा खांदा खांबावर आदळून तिथेच राहिला, हँडलाचे डावे टोक खांबावरच्या टपालाच्या पेटीखाली अडकले, इंजिनाने एक गचका देऊन प्राण सोडला, आणि उजवा पाय पलीकडच्या अंगास अधांतरी लोंबकळू लागला. गाडी उभी नव्हती आणि पडलेलीही नव्हती. खांद्याने रेटावी तर बळ पुरत नव्हते, आणि निसटून बाजूस व्हावे तर गाडी जाई. मांजर मात्र खुशाल निघून गेले.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक वयोवृद्ध काका बसत. तीस वर्षे एका कचेरीत लिफ्टमन होते, आणि कानाने अंमळ कमी. त्यांनी हे दृश्य थोडा वेळ पाहिले.

"काय घड्याळजी, कुणाची वाट बघताय?"

"नाही काका, सहज थांबलोय."

"बरं." मग आणखी थोडे पाहून म्हणाले, "तिरके दिसता."

"हो, जरा तिरकाच आहे."

"खाली येऊ का? हात लावतो."

"हात लावू नका काका. तुमच्या पाया पडतो," ऐसे घड्याळजी कळवळून बोलले, आणि नेमका हाच शब्द या प्रसंगी तोंडून गेला याची त्यांस मागाहून पुष्कळ दिवस खंत होती.

मग पहिली चाल केली. श्वास रोखून, दात आवळून, खांद्याने खांबास रेटा दिला, आणि गाडी दोन बोटे वर आली, आणि श्वास सुटताच तीन बोटे खाली गेली. मग दुसरी चाल ऐसी योजिली की साइड स्टँड पायाने पाडावा. परंतु साइड स्टँड डाव्या अंगास, आणि डावा पाय तर साऱ्या मोहिमेचा भार वाहत झाकणावर उभा. उजवा मोकळा होता, पण तो पडला परक्या मुलखात. तरी घड्याळजींनी उजवा पाय टाकीवरून अलीकडे आणण्याचा यत्न केला, आणि तो गुडघ्यापर्यंत आला, आणि मग बूट निसटून गटाराच्या झाकणावर पालथा झाला. तो बूट आहे तिथेच ठेवून पाय माघारी नेला.

इतक्यात शिडीराव आले.

शिडीरावांनी लांबूनच पाहिले आणि चाल मंद केली, जसा माणूस वाढलेल्या ताटाकडे सावकाश येतो. फाटकात उभे राहून म्हणाले, "दाजी, पडली ना?"

"पडली नाही."

"मग हे काय आहे?"

"टेकलीये."

"टेकली म्हणजे पडायच्या आधीचंच ना?"

"तू पण पडायच्या आधी उभाच असतोस. मग तुला पडलेला म्हणायचं का?"

यावर शिडीरावांनी विचार केला, आणि विचार हा त्यांचा रोजचा व्यायाम नसल्याने त्यास वेळ लागला. तेवढ्यात दोन वाटसरू मदतीस धावले, तर शिडीरावांनी हात आडवे धरून त्यांस अडवले. "अहो, हात नका लावू. दाजींचं नुकसान होईल." वाटसरूंस काही उमगले नाही, परंतु एवढा मोठा माणूस अडवतो आहे म्हणजे वीजबीज असेल ऐसे समजून ते मागे सरले आणि बघत उभे राहिले. बघणारे उभे दिसले म्हणून आणखी बघणारे आले. त्यांत एकाने फोन वर धरला. ऐसा वेढा पडला, आणि वेढ्याच्या आत रसद नव्हती.

मग शिडीरावांनी तहाची बोलणी लाविली. म्हणाले, "दाजी, खरं सांगू? तुमच्या मापाची नाहीच ही. मी नीट ठेवीन. आधी रंग बदलतो. पोपटी करतो."

गाडी काळी होती. दर रविवारी भिंग लावून घड्याळजी तिजवरचे ओरखडे मोजीत, आणि कापसाच्या काडीने ते बुजवीत, आणि प्रत्येक ओरखडा त्यांस नावानिशी ठाऊक होता. पोपटी हा शब्द ऐकून त्यांचे डाव्या पायात जो थरकाप चालला होता, तो क्षणभर थांबला.

"सोडा दाजी. उगाच पाय मोडून घ्याल. सोडा आता. सोडा."

वरून काकांनी तिन्ही वेळा तो शब्द ऐकला आणि मान डोलावून ते आत गेले. मग काही वेळाने जिना उतरून खाली आले, हातात बाटली. "घ्या. थंड नाहीये, पण बुडबुडे आहेत अजून. इतक्या वेळा मागितलात म्हणून आणला."

बाटली घड्याळजींचे तोंडास लावली गेली. हात गाडीस लागला नाही, बाटली ओठास लागली, सबब कलम दुसरे मोडले नाही, याचा निर्वाळा शिडीरावांनीही नाइलाजाने दिला. परंतु सोड्याने आपला गुण दाखवला, आणि घड्याळजींस एक प्रचंड ढेकर आली, आणि त्या हिसक्यात खांदा खांबावरून एक वीत खाली घसरला, आणि इतका वेळ राखलेला मुलूख एका ढेकरेत गेला. आता टाकी मांडीवर आली. अंगठ्याची शुद्ध गेली. घामाची धार भिंग धरणाऱ्या डाव्या डोळ्यात उतरली, आणि पुसावयास हात नव्हता. इथे घड्याळजींचे मनात आले की सोडून द्यावी. अकरा मिनिटे बसने पंचवीस होतात, एवढेच. बसमध्ये वरच्या दांडीला हात पुरत नाही, एवढेच. सारे आयुष्य तसेच गेले होते, आणि त्यात काही कोणी मेले नव्हते. ऐसे मनाशी बोलून पाहिले आणि पकड आणखी घट्ट केली.

दहा वाजून तेवीस मिनिटांनी बाईसाहेबांची स्वारी फाटकात आली. बगलेत नवी मुद्रिते, कानावर पेन. गर्दी आपोआप दुभंगली. त्यांनी प्रथम झाकणावरचा बूट पाहिला, मग वर पाहत पाहत घड्याळजींपर्यंत आल्या.

"किती वेळ?"

"एकोणीस मिनिटं," घड्याळजी म्हणाले. या कामी त्यांचा शब्द प्रमाण होता.

"पाय निघतो का?"

"निघतो. पण मग गाडी जाते."

"मला गाडीचं विचारायचं नव्हतं." बाईसाहेब वाकल्या आणि त्यांनी मांडीवरची टाकी पाहिली, आणि घोट्यापाशी थरथरणारी पाटलोण पाहिली. मग उभ्या राहून फर्मान सोडले की, "अहो, सोडा."

काका म्हणाले, "संपला हो. एकच बाटली होती."

"अहो, सोडा म्हणते ना."

"पडेल गं."

"पडणार नाही. तुम्ही सोडणार आहात."

आता बावीस मिनिटे होत आली होती. घड्याळजींनी कुटुंबाच्या तोंडाकडे पाहिले. तिथे थट्टा नव्हती. मग त्यांनी अंग आकसले, आणि मांडी काढली, आणि खांदा काढला, आणि सरतेशेवटी दोन्ही हात उघडले व एका पायात बूट आणि एका पायात मोजा ऐसे बाजूस झाले. गाडी क्षणभर थांबली, जणू तिलाही खात्री करून घ्यायची होती. मग टपालाच्या पेटीचे झाकण सोबत घेऊन ती खाली गेली, आणि आरशाची काच दूरवर उडाली.

शिडीरावांनी टाळी वाजवली. "पडली. पंचवीस लोकांनी पाहिलंय."

"पडली नाही," बाईसाहेब म्हणाल्या. "पडणं अकर्मक. आपलं आपण होतं. सोडणं सकर्मक. मी सांगितलं, यांनी सोडली. इथे कर्ता हे आहेत आणि गाडी कर्म आहे."

"कर्म काय, ताई?"

"व्याकरणातलं. दुसरं माझ्यासमोर उभं आहे, सहा फूट दोन इंच."

"अगं पण आवाज ऐकलास ना? धाडकन?"

"धाडकन अव्यय आहे. त्याला लिंग नाही, वचन नाही, काही नाही. ते साक्ष काय देणार?"

गर्दीतून एकाने 'बरोबर आहे' ऐसे म्हटले. ते कोण होते हे पुष्कळ शोध करूनही कळले नाही.

परंतु शिडीराव हटले नाहीत. शिकस्तीच्या काठावर त्यांस कलम दुसरे आठवले, आणि ते हसत म्हणाले, "ठीक. सोडली तर सोडली. आता उचला म्हणावं. एकट्याने. परका हात लागला की संपलं, तूच लिहिलंयस."

घड्याळजींनी गाडीकडे पाहिले. ती कुशीवर निवांत होती आणि तिला उठायची घाई नव्हती. पाठ लावून, गुडघ्यांत बसून पायांच्या जोराने उचलायची रीत त्यांस ठाऊक होती, परंतु पायच ठाऊक असल्यासारखे राहिले नव्हते.

बाईसाहेबांनी भावाकडे वळून शांतपणे विचारले, "तू परका आहेस का?"

इथे शिडीरावांची जी कोंडी जाहली, तिचे वर्णन लेखणीस झेपत नाही. परका आहे म्हणावे, तर ज्या ताईने शाळेतले सारे निबंध लिहून दिले, आणि पहिल्या नोकरीचा अर्ज चार वेळा लाल करून पाचव्यांदा लिहून घेतला, ती समोर उभी. आणि परका नाही म्हणावे, तर हात लावल्याने कलम मोडत नाही, आणि कलम मोडत नाही तर लावायला हरकत नाही, आणि लावायला हरकत नाही तर ताई लावायला सांगणार. फोन धरणारा मनुष्य दोन पावले पुढे आला.

"नाही ताई," ऐसे ते शेवटी म्हणाले.

"मग धर मागून."

आणि शिडीरावांनी मागून धरली, आणि घड्याळजींनी हँडल धरले, आणि बाईसाहेबांनी मुद्रिते काकांच्या हाती देऊन मधला भाग धरला, आणि व्यायामशाळेत इतकी वर्षे कमावलेले अवघे बळ शिडीरावांनी स्वतःच्याच पराभवाच्या कामी एका झटक्यात खर्चिले. एकशे एक्याण्णव किलो उभे राहिले. घड्याळजींनी मोज्याच्या पायाने साइड स्टँड लावला. काका गॅलरीकडे परतता परतता म्हणाले, "तीस वर्षं लिफ्टवर होतो मी. पण आम्ही बटण दाबायचो."

गर्दी पांगल्यावर तिघे वर गेले. शिडीरावांनी त्या मंगळवारी चहा घेतला. घड्याळजी बादलीत पाय घालून बसले होते, आणि बाईसाहेब दारापाशी जाऊन तहनामा वाचत उभ्या राहिल्या, इतका वेळ की दोनच ओळी आहेत ऐसे कोणास वाटले नसते.

"बावीस मिनिटं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मांडीवर घेऊन उभे राहिलात. पाय गेला असता."

"पडली असती तर विकायची होती ना. तू लिहिलं होतंस."

"हो. माझ्याच मजकुरात चूक राहिली." ही गोष्ट त्या घरात पूर्वी कधी बोलली गेली नव्हती. शिडीरावांचा कप वाटेत थांबला.

मग बाईसाहेबांनी कानावरचे लाल पेन काढले, आणि कलम पहिले यात 'गाडी' या शब्दापुढे खालून एक लहानसे टोक काढून वर दोन शब्द भरले, आणि बाजूस सही केली. आता ते कलम ऐसे जाहले: गाडी यांच्या अंगावर पुन्हा पडली तर विकायची. घड्याळजींनी ते बसल्या जागेवरून वाचले.

"पुन्हा कशाला?" ते म्हणाले. "अंगावर एकदाही पडलेली नाही."

बाईसाहेबांनी 'पुन्हा' खोडले. मग साक्षीदार म्हणून शिडीरावांस सही करावयास लावली, आणि नात्याच्या जागी काय लिहू ऐसे त्यांनी विचारल्यावर, 'परका नाही' ऐसे त्यांचेकडून शुद्ध लिहून घेतले.

येणेप्रमाणे बावीस मिनिटे वेढा सोसून, खांब न ढळता, तह सुधारून घेऊन, घड्याळजींनी गाडी राखिली. या कामी एक आरसा, क्लचच्या दांडीचे टोक, टपालाच्या पेटीचे झाकण आणि सोड्याची बाटली इतके कामी आले. गाडी काळीच आहे. ही हकीकत बाईसाहेबांनी वाचून एकवीस ठिकाणी दुरुस्त केली आणि मग बिनचूक म्हणून परत दिली. बुधवारी सकाळी दहा वाजता घड्याळजी लंगडत खाली उतरले, झाकणाची जागा टाळून फाटकाबाहेर पडले, आणि अकरा मिनिटांत दुकानी दाखल जाहले. डावा आरसा नव्हता, सबब त्या बाजूने मागे कोण राहिले हे त्यांस दिसले नाही.